लोडरच्या एक्सलमधील तेलगळती : सील बदलण्याआधी कारण शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहरांतील नालेसफाई, साखर कारखान्यांतील बगॅसचे (उसाच्या चिपाडाचे) ढीग, रेडीमिक्स काँक्रीटचे प्लांट, बंदरांवरील कोळशाची यार्डे, कुक्कुटपालनाच्या शेड अशा अडचणीच्या जागी राबणारे स्किड स्टीअर लोडर, ज्यांना साइटवर सरसकट ‘बॉबकॅट’ म्हटले जाते, ते आता राज्यात सर्वत्र दिसतात. यांतील एखाद्या जुन्या यंत्राजवळ थांबून चाकाच्या आतल्या बाजूला पाहिले, तर रिमवर धूळ आणि तेल मिसळून झालेला काळा, ओलसर थर बऱ्याच वेळा आढळतो. एक्सलमधून तेल गळत असल्याची ही खूण आहे. ऑपरेटरला ती माहीत असते, मालकाला माहीत असते, देखरेख करणाऱ्या अभियंत्यालाही दिसत असते. पण ‘सील गेले आहे, सवडीने बदलू’ एवढ्यावर विषय मिटतो. सवड मिळाली की सील बदलले जाते आणि काही आठवड्यांत तेच चाक पुन्हा ओले होते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मातीकामाच्या यंत्रांची दुरुस्ती हा माझा व्यवसाय असून, या गळतीकडे पाहण्याची आपली पद्धत बदलली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी ओठाची कडी, हे बहुतेक वेळा गळतीचे ठिकाण असते, कारण नसते. आणि कारण न शोधता केलेली दुरुस्ती मालकाचा पैसा, ऑपरेटरची सुरक्षितता आणि आपली जमीन या तिन्हींचे नुकसान करते.

या यंत्राची रचना समजल्याशिवाय त्याची गळती समजणार नाही, म्हणून थोडे मुळापासून सांगतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सिरिल आणि लुई केलर या बंधूंनी १९५७ मध्ये टर्की कोंबड्यांच्या शेडमधली घाण काढण्यासाठी तीन चाकांचा छोटा लोडर तयार केला. पुढे नॉर्थ डाकोटातील मेलरो कंपनीने तो हाती घेतला, १९६० मध्ये चार चाकांचे रूप आणले आणि १९६२ पासून त्याला बॉबकॅट हे नाव मिळाले. इतर वाहनांप्रमाणे या यंत्राची पुढची चाके वळत नाहीत. डाव्या आणि उजव्या बाजूच्या चाकांचा वेग वेगवेगळा ठेवून, म्हणजे एका बाजूची चाके जमिनीवर अक्षरशः घासत नेऊन, ते वळते. अरुंद जागेत जागच्या जागी फिरण्याची त्याची ताकद यातूनच येते आणि एक्सलचे हालही यातूनच सुरू होतात. प्रत्येक वळणाला टायर आडवा ओढला जातो, तो ताण रिममधून एक्सलवर, एक्सलवरून बेअरिंगवर आणि बेअरिंग किंचित जरी ढिले असेल तर थेट सीलच्या रबरी ओठावर येतो. कोरड्या काँक्रीटवर भरलेली बकेट घेऊन दिवसभर गरागरा फिरणाऱ्या यंत्राचे सील शेतातल्या मऊ मातीत चालणाऱ्या यंत्राच्या सीलपेक्षा लवकर थकते, यात नवल नाही.

इंजिनाची शक्ती चाकापर्यंत जाते ती हायड्रॉलिक पंप, हायड्रॉलिक मोटर आणि साखळी या मार्गाने. प्रत्येक बाजूला एक मोटर असते. तिच्या शाफ्टवरील दातेरी चक्रातून एक साखळी पुढच्या आणि एक मागच्या एक्सलकडे जाते. या साखळ्या ज्या बंद पेटीत फिरतात तिला चेनकेस म्हणतात. काही यंत्रांत ती दोन्ही बाजूंना स्वतंत्र असते, तर काहींत मधोमध एकच असते. चेनकेसमध्ये तेल भरलेले असते आणि तेच तेल साखळ्यांना, चक्रांना व एक्सलच्या बेअरिंगना मिळते. एक्सल जिथे चेनकेसच्या नळीतून बाहेर चाकाकडे येतो, तिथे तेल अडवायला एक ऑइल सील बसवलेले असते. म्हणून ‘एक्सल गळतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात चेनकेस रिकामी होत असते. ती रिकामी होत गेली की साखळी कोरडी पडते, कड्या झिजतात, बेअरिंग तापते आणि एके दिवशी साखळी तुटते. त्या क्षणी त्या बाजूच्या चाकाची ओढ नाहीशी होते. सपाट मैदानात हा खर्चाचा विषय ठरतो, पण नाल्यात उतरण्याच्या उतारावर किंवा जहाजाच्या पोटात कोळसा गोळा करताना तो जिवावरचा विषय होऊ शकतो. सेकंदाला एक थेंब गळणारे तेल चोवीस तासांत तीन-चार लिटरपर्यंत जाते, हा साधा हिशेब ज्यांनी मांडला असेल त्यांना ‘थोडेसे ओले आहे’ हे उत्तर पटणार नाही.

निदानाची पहिली पायरी म्हणजे यंत्र धुणे. चाके, हब (चाक ज्यावर बसते तो भाग), एक्सलच्या नळ्या आणि पोटाखालचा भाग डिझेलने किंवा डीग्रीझरने स्वच्छ करून, कापडाने पुसून, यंत्र तासभर चालवावे आणि मग बॅटरी घेऊन खाली बसावे. हे अशासाठी सांगावे लागते, की या यंत्राचे पोट एखाद्या तसराळ्यासारखे असते. इंजिनाच्या मागच्या भागात एखादी हायड्रॉलिक नळी पाझरत असेल, तर तिचे तेल पोटात साठते आणि जिथे फट मिळेल तिथून, बहुधा चाकाजवळच, बाहेर येते. असे तेल एक्सलचे समजून चाक उतरवले, सील काढले आणि चांगले सील फेकून दिले, असे प्रकार मी पाहिले आहेत. स्वच्छ केलेल्या एक्सलवर हबच्या मागून गोलाकार ओल फुटली, तर ती सीलची. वरून ओघळ आला, तर तो दुसऱ्या कुठल्या तरी नळीचा.

दुसरी पायरी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच वगळली जाते. यंत्र सपाट जागेवर उभे करून, तेल थंड झाल्यावर चेनकेसचा लेव्हल प्लग, म्हणजे पातळी पाहण्याच्या भोकाचा बूच, उघडावा आणि पातळी पाहावी. पातळी प्लगच्या भोकाच्या खाली गेली असेल, तर गळती बाहेरच्या बाजूची, म्हणजे एक्सल सील, हाउसिंगचा (एक्सलच्या कवचाचा) जोड किंवा ड्रेन प्लग यांपैकी कुठली तरी आहे. पण प्लग सैल करताच तेल वेगाने बाहेर येऊ लागले आणि येतच राहिले, तर प्रश्न वेगळा आहे. चेनकेसमध्ये बाहेरून कोणी तेल न टाकता ते वाढले, याचा अर्थ ते हायड्रॉलिकच्या बाजूने आत येते आहे. हायड्रॉलिक मोटरच्या शाफ्टवर आतल्या बाजूला एक सील असते. ते फाटले, की मोटरमधील तेल चेनकेसमध्ये शिरते, चेनकेस तुडुंब भरते, आतला दाब वाढतो आणि ते तेल जिथे अडसर सर्वांत कमकुवत तिथून, म्हणजे एक्सल सीलमधून, बाहेर पडते. बाहेरून पाहणाऱ्याला एक्सल गळताना दिसतो आणि तो एक्सलचे सील बदलतो. नवे सील चार दिवस दम धरते आणि नंतर तेही दाबाने मान टाकते.

असे एक यंत्र एका साखर कारखान्याच्या बगॅस यार्डातून माझ्याकडे आले होते. मागच्या डाव्या एक्सलचे सील एकाच हंगामात वारंवार बदलले गेले होते आणि ठेकेदाराचा सारा राग सील विकणाऱ्या दुकानदारावर होता. ऑपरेटरला विचारले, हायड्रॉलिक टाकीत तेल टाकावे लागते का? तो म्हणाला, “रोज सकाळी थोडं टाकतोच की, पण बाहेर कुठं गळताना दिसत नाही.” त्या एका वाक्यात सगळे निदान होते. टाकीतले तेल कमी होते, बाहेर दिसत नाही, म्हणजे ते आत कुठे तरी जात असले पाहिजे. लेव्हल प्लग उघडल्यावर खालचे घमेले भरले, तरी धार थांबली नाही. मोटर उतरवली तेव्हा शाफ्ट सीलचा ओठ एका बाजूने बाहेर उलटलेला मिळाला. पण तिथेही थांबून चालत नाही. मोटरच्या आत झिरपणारे तेल टाकीकडे परत नेणारी जी केस ड्रेनची नळी असते, ती त्या यंत्रात एका क्लॅम्पखाली चेपली गेली होती. परतीची वाट अरुंद झाल्याने मोटरच्या कवचातला दाब वाढला आणि कमी दाबासाठी बनवलेले शाफ्ट सील उलटले. नळी बदलली नसती, तर नवे शाफ्ट सीलही त्याच मार्गाने गेले असते आणि दोष पुन्हा एक्सलच्या माथी आला असता. काही यंत्रांत या वाटेवर फिल्टर असतो आणि तो तुंबला तरी हाच परिणाम होतो. मोटर आतून फार झिजली असेल, तर झिरपणाऱ्या तेलाचे प्रमाणच वाढते; तेव्हा केस ड्रेनचे तेल मोजून पाहिल्याशिवाय मोटरबद्दल निर्णय घेऊ नये.

या ठिकाणी तेलाच्या रंगावर किंवा वासावर भरवसा ठेवणाऱ्यांना सावध करावेसे वाटते. काही उत्पादक चेनकेससाठी १५डब्ल्यू-४० हे इंजिन ऑइल सांगतात, तर काही हायड्रॉलिकमध्ये असते तेच तेल चेनकेसमध्येही सांगतात. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात रंगावरून काहीच कळत नाही. पातळी एकीकडे वाढते आणि दुसरीकडे घटते, हाच खरा पुरावा असतो.

चेनकेसला जिथे ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची झडप, दिलेला असतो, तिथे तो उघडून फुंकर मारून पाहावा. काम करताना आतले तेल आणि हवा तापते, हवा प्रसरण पावते आणि तिला बाहेर जायला जागा मिळाली नाही, तर ती सीलवर दाब देते. बगॅसची भुकटी आणि सिमेंटची धूळ ब्रीदरवर बसून दगडासारखी घट्ट होते. उलट बाजूने, तापलेले यंत्र नाल्याच्या पाण्यात उतरले की आतली हवा एकदम आकसते, पोकळी निर्माण होते आणि सीलच्या ओठाखालून पाणी आत ओढले जाते. चेनकेसमधून काढलेले तेल दुधट निघाले, तर हेच घडलेले असते. अशा तेलावर बेअरिंग फार काळ टिकत नाही, आणि बेअरिंग गेले की सीलही जाते.

बेअरिंग तपासायला मोठ्या साधनांची गरज नाही. यंत्र उचलून, आधारावर ठेवून, टायरखाली पहार घालून चाक वर-खाली हलवावे आणि हबच्या मागे नजर ठेवावी. एक्सल नळीच्या मध्यापासून हलताना दिसला, टक् असा आवाज आला किंवा हाताने चाक फिरवताना खरखर जाणवली, तर नुसते सील बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. सीलचा ओठ गोल फिरणाऱ्या शाफ्टला साथ देऊ शकतो, डोलणाऱ्या शाफ्टला नाही. नेमके माप हवे असेल, तर डायल गेज लावून एक्सलची आत-बाहेर हालचाल मोजावी आणि ती कंपनीच्या सर्व्हिस पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहावी. इथे अंदाज चालवू नये, कारण काही यंत्रांत बेअरिंगवर थोडा आगाऊ ताण ठेवायचा असतो, तर काहींत थोडी मोकळीक.

आता आपल्याकडच्या परिस्थितीतले एक खास कारण सांगतो, जे परदेशी पुस्तिकांमध्ये एका ओळीत उरकलेले असते. आपल्या नाल्यांत, कचरा डेपोत आणि बाजार समित्यांच्या आवारात पोत्यांच्या सुतळ्या, नायलॉनच्या दोऱ्या, पतंगाचा मांजा, टायर जाळून उरलेल्या तारा आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या यांचा खच पडलेला असतो. चाक फिरताना हा माल रिमच्या आत शिरतो आणि एक्सलभोवती, नेमका सीलच्या तोंडाशी, गुंडाळला जातो. वरून चिखल बसल्याने तो दिसत नाही. घर्षणाने नायलॉन वितळून कडक कडे तयार होते आणि ते कडे सीलचा बाहेरचा धूळरोधक ओठ आधी खाते, मग आतला तेल अडवणारा ओठ. काही वेळा बारीक तार सीलच्या धातूच्या कवचाखाली घुसून सील जागेवरून बाहेर ओढून काढते. असे कडे मी अनेकदा छिन्नीने फोडून काढले आहे. फोडल्यावर त्यात खताच्या गोणीचा दोरा आणि देवाच्या हाराचा धागा वेगवेगळा ओळखू येतो. नालेसफाईच्या यंत्रावर रोज संध्याकाळी हेल्परने चारही चाकांच्या मागे आकड्याने खरवडून दोरे काढले, तर सील कितीतरी जास्त टिकतील. या कामाला खर्च नाही, फक्त कोणाला तरी ते नेमून दिलेले असले पाहिजे.

प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळताना सुरक्षिततेबद्दल स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. या यंत्राचे दोन्ही उचल-हात ऑपरेटरच्या अंगाशेजारून वर-खाली होतात. वर उचललेल्या हातांखाली आणि बकेटखाली चिरडून मृत्यू होतात, असा इशारा अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९८ मध्येच दिला होता. तरीही आपल्याकडे हात वर धरून, त्याला लाकडाचा टेकू देऊन खाली काम करणारे मिस्त्री दिसतात. बकेट जमिनीला टेकवावी. हात वर ठेवणे भागच असेल, तर यंत्रासोबत येणारा लोखंडी अटकाव लावावा. इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवावी. यंत्र जॅकने उचलल्यावर सांगाड्याखाली भक्कम स्टँड किंवा साग-बाभळीचे अखंड ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर कोणालाही चाकाजवळ बसू देऊ नये.

चेनकेसचे तेल ड्रेन प्लगमधून पूर्ण काढून स्वच्छ भांड्यात घ्यावे. ते भांडे बाजूला सारण्याआधी तेलात चुंबक फिरवावे आणि हात घालून पाहावे. चुंबकाला बारीक लेप लागला तर ती नेहमीची झीज. खवले किंवा तुकडे आले तर बेअरिंग वा साखळीचा दोष. चाक आणि हब काढल्यावर जुने सील काढताना स्क्रूड्रायव्हरने कडा उचकटू नये, कारण नळीच्या आतल्या पृष्ठभागावर ओरखडा पडला तर नवे सील बाहेरच्या परिघावरून गळते. सीलच्या पत्र्यात दोन ठिकाणी सेल्फ टॅपिंग स्क्रू बसवून समान ओढीने ते बाहेर घ्यावे.

यानंतर एक्सलवर सीलचा ओठ जिथे टेकतो ती जागा पुसून, त्यावरून नख फिरवावे. नख खाचेत अडकले, तर कोणत्याही कंपनीचे, कितीही महाग सील तिथे टिकणार नाही. धुळीने भरलेल्या ओठाने कठीण पोलादातसुद्धा खाच पाडलेली असते. पुष्कळ कारागीर ही खाच पॉलिश पेपरने घासून मिटवू पाहतात, त्यामुळे व्यास आणखी कमी होतो. खाच हलकी असेल आणि जागा पुरेशी असेल, तर नवे सील मूळ जागेपासून दीड-दोन मिलिमीटर आत वा बाहेर बसवून ओठ कोऱ्या पृष्ठभागावर आणता येतो. खाच खोल असेल, तर त्या मापाची पातळ पोलादी स्लीव्ह एक्सलवर चढवावी, किंवा एक्सलच बदलावा. नुसता गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर एक्सलभोवती गोल फिरवावा, लांबीच्या दिशेने ओढू नये. तशा आडव्या रेघा पडल्या, तर तेल त्यांच्यातूनच वाट काढते.

सीलच्या निवडीबाबत बाजारात फार हलगर्जीपणा आहे. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये छापलेली असते आणि ती तीन मापे जुळली की दुकानदार सील हातात देतो. पण मापाइतकेच त्याच्या घडणीला महत्त्व असते. चिखलात चालणाऱ्या एक्सलला तेलाच्या बाजूचा ओठ, बाहेरचा धूळ अडवणारा ओठ आणि स्प्रिंग हे सारे असलेले सील हवे. एका ओठाचे साधे सील, मग ते मापाला कितीही बरोबर असो, इथे उपयोगाचे नाही. काही यंत्रांत आतच स्लीव्ह असलेले जुळे सील येते. त्याच्या जागी साधे सील बसवले तर मोकळी फट राहते. साधे नायट्राइल रबर साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते, तर व्हायटॉन हे दुसरे रबर त्याहून बरीच जास्त उष्णता सोसते. त्यामुळे भट्टीजवळ किंवा सिमेंट कारखान्यातील गरम क्लिंकरवर (भट्टीतून निघालेल्या खड्यांवर) चालणाऱ्या यंत्राला थोडा जास्त खर्च करून व्हायटॉनचे सील बसवणे शहाणपणाचे ठरते. सुट्या भागाचा क्रमांक यंत्राच्या अनुक्रमांकावरून पाहावा, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या यंत्रांत सील बदललेले असते.

बसवताना एक्सलच्या स्प्लाइनवर (दातेरी भागावर) किंवा चावीच्या खाचेवर टेप गुंडाळावी, म्हणजे धारदार कडेने नव्या सीलचा ओठ कापला जाणार नाही. ओठाला तेल लावावे, स्प्रिंगची बाजू चेनकेसकडे ठेवावी आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाच्या पाइपचा तुकडा किंवा रिंग लावून ते सर्व बाजूंनी समान ठोकावे. हातोडीने एकदा इथे, एकदा तिथे ठोकत बसवलेले सील तिरके बसते आणि पहिल्याच दिवशी पाझरू लागते. ज्या यंत्रांत हब स्प्लाइनवर बसतो, तिथे सील चांगले असूनही स्प्लाइनच्या दात्यांमधून तेल हबच्या मध्याकडे येते. त्यासाठी पुस्तिकेत सांगितलेला सीलंट स्प्लाइनवर लावणे आवश्यक असते. एक्सलचे हाउसिंग चेनकेसला बोल्टने जोडलेले असेल, तर त्या जोडाची ओ-रिंग किंवा गॅस्केटही याच वेळी बदलावी. काही यंत्रांत साखळीचा ताण हे हाउसिंग सरकवूनच जुळवतात, त्यामुळे ते सैल केल्यावर साखळीची ढिलाई पुन्हा तपासल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत.

तेल पुस्तिकेत लिहिलेलेच आणि लेव्हल प्लगपर्यंतच भरावे. ‘थोडे जास्त असू द्या, गळतेच आहे’ ही समजूत चुकीची आहे, कारण जादा तेल साखळीच्या घुसळण्याने फेसाळते, तापते आणि पुन्हा सीलवरच जोर करते. चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळून, पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा आवळावेत. यंत्र धुताना प्रेशर गनचा झोत थेट हबच्या मागे मारू नये. ऑपरेटरलाही सांगावे, की जागा असेल तिथे जागच्या जागी फिरण्याऐवजी मोठ्या वळशाने वळावे. एकाच बाजूला एका एक्सलचा टायर नवा आणि दुसऱ्या एक्सलचा झिजलेला असे ठेवू नये. साखळ्यांमुळे त्या बाजूचे दोन्ही एक्सल एकाच वेगाने फिरतात, म्हणून वेगवेगळ्या घेराचे टायर एकमेकांना सतत ओढत राहतात आणि तो भार बेअरिंगवर जातो.

काढलेल्या तेलाचे काय होते, हे विचारण्याचा अधिकार नागरिक म्हणून आपल्या सर्वांना आहे. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते आणि ते प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच दिले पाहिजे. साइटवर मात्र ते मातीत ओतले जाते, किंवा काँक्रीट चिकटू नये म्हणून शटरिंगच्या प्लेटांना फासले जाते. ज्या नाल्याचे पाणी स्वच्छ करण्यासाठी महापालिका पैसे मोजते, त्याच नाल्यात गळक्या एक्सलचे यंत्र दिवसभर उभे असते, ही गोष्ट मला फार खटकते.

माझी महापालिका, नगरपालिका आणि सहकारी साखर कारखान्यांच्या व्यवस्थापनांना विनंती आहे, की यंत्रे भाड्याने घेण्याच्या निविदेत फक्त यंत्राचे वर्ष आणि अश्वशक्ती न विचारता, काम सुरू होण्याआधी कनिष्ठ अभियंत्यासमोर चेनकेसचा लेव्हल प्लग उघडून पातळी दाखवण्याची अट घालावी आणि ही तपासणी दर पंधरवड्याला नोंदवहीत लिहावी. हायड्रॉलिक टाकीत टाकलेले प्रत्येक लिटर तेल त्याच वहीत तारखेसह लिहिले गेले, तर मोटरच्या सीलचा दोष एक्सल ओले होण्याच्या कितीतरी आधी कागदावर दिसेल. ठेकेदार याला विरोध करतील असे मला वाटत नाही, कारण चांगल्या ठेकेदाराचे साखळी तुटल्यावर होणारे नुकसान याहून कितीतरी मोठे असते. तसेच औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मेकॅनिक डिझेल आणि मेकॅनिक ट्रॅक्टर या अभ्यासक्रमांच्या प्रात्यक्षिकांत, एखादे भंगारात निघालेले लोडर मिळवून, त्याची चेनकेस उघडून दाखवण्याची सोय व्हावी. माझ्याकडे येणारी मुले इंजिन उत्तम उघडतात. पण शाफ्ट सीलचा ओठ कोणत्या दिशेला असावा आणि का, हे विचारले की गप्प होतात. अशी प्रात्यक्षिके घ्यायची कोणा संस्थेची तयारी असेल, तर खाच पडलेले एक्सल, उलटलेली सील आणि वितळलेल्या दोऱ्यांची कडी मी माझ्या शेडमधून विनामूल्य देईन आणि ठरलेल्या दिवशी स्वतः येऊन समजावूनही सांगेन.

आपला नम्र,
एक यंत्रदुरुस्ती व्यावसायिक
भोसरी, पुणे